पूर्ण डोस

१२ जानेवारी

आज काटेरी उंदीर आले. चाळीस. आठ खोक्यांत पाच-पाच. ताब्यात घेताना आणणाऱ्या माणसाला दारातच विचारलं, "बाबा रे, कुणाच्या शेपटीला हात नाही ना लावलास?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय माहीत. या उंदराला शेपटीनं उचललं तर शेपटी आपल्या हातात राहते आणि उंदीर चालता होतो. कातडीचंही तेच. जोरात धरलं की फाटते, आणि काही आठवड्यांत जशीच्या तशी भरून येते, केसांसकट. पाठीवरचे केस मात्र राठ. उलटा हात फिरवला तर कपड्याच्या ब्रशासारखे टोचतात.

ही डायरी हिनं दिलीय. निवृत्तीला चौदा महिने राहिले, तर म्हणे आतापासून लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर घरी बसून माझं डोकं खाल. डायरी चांगली आहे, पण रेघा फार जवळजवळ. अक्षर बारीक काढावं लागतं.

माझं सांगायचं तर तेवीस वर्षं मी या संस्थेच्या प्राणीगृहात आहे. पिंजरे, दाणापाणी, वजनं हे सगळं बघतोच, पण माझं खरं काम डोस देण्याचं. गुंगी दिलेल्या उंदराच्या नाकपुडीशी पिपेटनं थेंब धरायचा आणि तो त्याच्या श्वासाबरोबर आत जाऊ द्यायचा. नाकपुडी केवढी, तर टाचणीच्या डोक्याएवढी. नवीन आलेल्या पोरापोरींना इथं सांगतात, काकांचा हात बघून घ्या. मी न ऐकल्यासारखं करतो, पण मला ते आवडतं. खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी

हे उंदीर जिच्यासाठी आलेत तिला मी खारूताई म्हणतो. पीएचडीचं तिसरं वर्ष. खिशात कायम कसलेतरी दाणे, आणि चालणं तुरुतुरु. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा रागावली, आता फोनवरसुद्धा "काका, खारूताई बोलतेय" म्हणते.

आज तिला म्हटलं, हे काटेरी प्रकरण काय आहे ते मला कळेल असं सांग. तर पिंजऱ्यांमधल्या स्टुलावर बसून तिनं सांगितलं. आजारपणात पुष्कळदा जंतू मरतात, पण त्यांच्या सालीतलं विष मागे उरतं. ते फुप्फुसात गेलं की शरीराला वाटतं शत्रू घरात शिरला. मग शरीर एवढी आग लावतं की शत्रू राहतो बाजूला आणि आपलंच घर जळतं. फुप्फुसात पाणी भरतं, माणूस बुडाल्यासारखा मरतो. "जंतूनं नाही मरत काका, आपल्याच सैन्यानं मरतो." काटेरी उंदरांचं वेगळं असावं असा तिचा अंदाज आहे. तेच विष, तेवढंच दिलं तरी ते तग धरतात. का धरतात ते कळलं तर उद्या माणसांच्या कामी येईल.

तिच्या वडिलांचं असंच झालं होतं म्हणे. पंधरा दिवस मशीनवर होते. हे तिनं दाणे निवडता निवडता सांगितलं, आणि मी नुसता हं म्हणालो.

२७ जानेवारी

सहाव्या पिंजऱ्यात एक मादी व्याली. तीनच पिल्लं, पण काय पिल्लं. डोळे उघडे, अंगावर केस, तासाभरात चालायला लागली. साध्या उंदराची पिल्लं म्हणजे गुलाबी गोळे, यांची म्हणजे तयार माणसं. शेजारची मादी आली आणि पिल्लं चाटून पुसून द्यायला लागली. बाळंतिणीनं काही हरकत घेतली नाही. अर्धा तास उभा राहून बघत होतो.

खारूताई म्हणाली, यांच्या खोलीला वास फार कमी येतो नाही? मला तर हल्ली कुठल्याच खोलीला वास येत नाही. तेवीस वर्षांत नाक मरतं माणसाचं.

३ फेब्रुवारी

सकाळी चहा सांडला. बशीत, मग टेबलावर. हिनं फडकं आणलं. मग म्हणाली, "गेल्या आठवड्यातला तिसरा."

"मोजतेस?"

"मोजत नाही. पुसते."

मी म्हटलं थंडी आहे. ती म्हणाली, थंडी मलाही वाजते, माझा कप नाही सांडत. डॉक्टरांकडे जाऊन या. मी कप ठेवला आणि चहा न पिता निघालो. वाटेत वाटलं, उगाच रागानं निघालो. पण तिनं तरी मागं लागावं किती?

डोस सोमवारी आहेत. प्राणीगृहात येऊन रिकाम्या पिपेटनं सराव केला. हात चांगला होता. डाव्या हाताला कधी काही होतच नाही. उजवाच जरा कधीतरी, तोही बसल्या बसल्या.

९ फेब्रुवारी

डोस झाले. बारा काटेरी, बारा साधे.

पद्धत लिहून ठेवतो. दोघं लागतात. एक जण उंदीर उभा धरतो, दुसरा थेंब देतो. खारूताईनं धरले, मी दिले. देताना धरणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, आणि वहीतली नोंद फक्त देणाऱ्यानं करायची. हे दोन्ही नियम मीच घालून दिलेत. पूर्वी दोघं दोन गोष्टी लिहायचे आणि भांडणं व्हायची. थेंब आत गेला तर निळ्या शाईत "पूर्ण". बाहेर ओघळला तर लाल शाईत "सांडला", आणि तो उंदीर मोजणीतून बाद. दुसऱ्यांदा डोस देता येत नाही, कारण पहिला किती आत गेला ते देवालाही सांगता यायचं नाही.

काटेरी सकाळी घेतले. पोरगी त्यांना दोन्ही हातांच्या ओंजळीत घेते, मीच शिकवलंय. बाराच्या बारा उत्तम झाले. जेवणानंतर साधे घेतले. साधे म्हणजे पायाखालची वाट. सहा झाले.

सातवा श्वास घेईना. गुंगी जरा जास्त झाली असावी. मी थेंब धरून थांबलो. थांबलो आणि अंगठा हलायला लागला. मी हलवत नव्हतो. आपला आपण, दोन बोटांत काहीतरी वळत असल्यासारखा. थेंब ओठावरून हनुवटीला आला, त्याच डोसाचे पुढचे दोन थेंबही तसेच गेले. कापसानं पुसलं. आठवा नीट झाला. नववा पुन्हा तसाच. दहावा नीट. अकरावा तसाच.

वही पुढ्यात ओढली. लाल पेन दोऱ्यानं वहीलाच बांधलेलं आहे. तेवीस वर्षांत मी ते दुसऱ्यांच्या नोंदींसाठी कितीदा वापरायला लावलंय, स्वतःसाठी एकदाही नाही. आणि आज एकाच दिवसात तीन. उद्या सगळी संस्था विचारेल, काकांना काय झालं. लिहिलं, पूर्ण. पूर्ण. पूर्ण.

खारूताईचा चष्मा मास्कमुळे धुकटला होता. तिला दिसलं नसणार.

आज खोलीत एसी फारच जोरात होता.

१० फेब्रुवारी

साधे उंदीर आजारी पडले. पाठी वाकल्यात, केस पिंजारलेत, पोटं भात्यासारखी चालतात. काटेरी थोडे मंदावले होते, पण खात आहेत. सात, नऊ आणि अकरा नंबरचे साधे उंदीर मात्र चाकावर पळतायत. मी त्यांच्यावर फडकं टाकून दिलं.

१२ फेब्रुवारी

आज सगळ्यांचा शेवट केला आणि फुप्फुसं काढली. हे काम जनावरांचे डॉक्टर करतात, मी हाताशी असतो. साध्यांची फुप्फुसं लालभडक आणि जड, दाबलं तर पाणी येतं. काटेऱ्यांची बघितली आणि डॉक्टरही थांबले. सूज होती, शरीराचं सैन्य धावून आलेलं होतं, ते खारूताईनं भिंगाखाली दाखवलं. पण पाणी नव्हतं. आग लागली होती आणि घर उभं होतं. खारूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वळून हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

सात, नऊ, अकरा यांची फुप्फुसं गुलाबी, नवीकोरी. डॉक्टर म्हणाले, "हे तिघे नशीबवान दिसतात." नशीबवान कसले. विषानं मेले नाहीत, आणि उपयोगालाही आले नाहीत. एका शब्दापायी तीन जीव नुसतेच गेले. त्यांना पिशवीत भरताना मी कुणाकडे बघितलं नाही.

२ मार्च

खारूताईनं तिचा तक्ता दाखवला. साधे उंदीर बारा नाहीत, नऊच आहेत. सात, नऊ, अकरा वगळलेत.

मी विचारलं, "हे का काढलेस?"

ती म्हणाली, "मला त्यांची खात्री वाटत नाही काका." एवढंच. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बरं केलंस, कधीकधी असतो एखादा उंदीर वेगळा. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग गेली.

चला, सुटलो. पोरीच्या आकड्यांत खोट राहिली नाही आणि माझ्या वहीतही लाल शाई नाही. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल असं वाटतंय.

ही म्हणते, किराणाच्या यादीतलं तुमचं अक्षर वाचायला आता भिंग लागतं. दुकानदारानं साबणाऐवजी साबुदाणा दिला म्हणे. मी म्हटलं, चष्मा बदल.

१९ मार्च

आज मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे विभागाच्या प्रमुख. वीस वर्षांपूर्वी इथंच शिकायला होत्या आणि उंदीर कसा धरायचा हे माझ्याकडून शिकल्या. आजही मी गेलो की उठून उभ्या राहतात.

टेबलावर माझी वही आणि खारूताईचा तक्ता शेजारी शेजारी. बाई म्हणाल्या, "काका, सरळ विचारते. साध्यांमधले सात, नऊ, अकरा. हे तिघे आजारी पडले नाहीत. त्यांना धरलं तर साधे आणि काटेरी यांच्यातला फरक निम्म्यावर येतो. हिनं नेमके तेच तीन काढले. का काढले विचारलं तर म्हणते, खात्री वाटली नाही. याला आम्ही काय समजायचं?"

मी वहीकडे बघितलं.

"नको असलेले आकडे फेकून देणं म्हणजे चोरी. चौकशी समिती बसेल. खरं निघालं तर तिला जावं लागेल. आणि इथून असं गेलेल्या मुलीला दुसरीकडे कुणी उभं करत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. त्या तिघांना डोस पूर्ण गेला होता?"

"वहीत आहे ना बाई."

"वहीतलं मी वाचलंय. तुम्हाला विचारते."

माझ्या तोंडून निघालं, "पूर्ण."

असं पटकन निघालं, जसं कुणी नाव विचारावं आणि आपण सांगावं. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, मला वाटलंच होतं. माझ्यानंतर त्या खारूताईला बोलावणार होत्या. मी मागच्या दारानं निघून मागच्या जिन्यानं खाली आलो.

२० मार्च

काही लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे. मी हलकट माणूस आहे.

२५ मार्च

खारूताईला चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत यायला बंदी आहे. आज बसथांब्यावर दिसली. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाणार होतो, पण तिनंच हाक मारली, काका. मला वाटलं आता विचारेल. काय बोलायचं ते मनात जुळवत तिच्यापर्यंत गेलो.

तर म्हणाली, "सहाव्या पिंजऱ्यातली मादी पुन्हा गाभण आहे. तिला त्या मैत्रिणीपासून वेगळं करू नका. एकटी पडली तर पिल्लं दगावतील."

मी म्हटलं, नाही करणार.

"आणि काटेऱ्यांना वजन करताना डब्यात स्वतः चालत जाऊ द्या. नवीन मुलगा घाई करतो."

मी म्हटलं, बरं. बस आली आणि ती चढली. खिडकीतून हात केला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. शिव्या दिल्या असत्या, थोबाडात मारली असती तरी चाललं असतं. वडील गेल्यावर त्यांचंच दुखणं समजून घ्यायला आलेली पोर, आणि तिला चोर ठरवतोय मी. दुसरं कुणी नाही.

पण सांगायचं कसं? खोटी नोंद केली, वर बाईंच्या तोंडावर खोटं बोललो. सांगितलं तर तेवीस वर्षांतलं काय उरलं माझं? थोडं थांबून बघू. समितीला कदाचित काही सापडणारच नाही, आणि पोरगी सुटेल.

२८ मार्च

आज हिला सगळं सांगितलं. ती कपडे घडी करत होती. मी सांगत होतो आणि ती घड्या घालत होती. सात, नऊ, अकरा, लाल पेन, बाई, सगळं. संपल्यावर मला वाटलं म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. चाळीस वर्षांत तिनं मला पुष्कळ गोष्टींतून सोडवलंय.

ती म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय? मी काय समिती आहे?"

मी म्हटलं, "सांगायला तोंड होत नाही."

"खोटं सांगायला झालं की." घडी केलेला टॉवेल तिनं उगाचच उलगडला आणि परत घातला. "सहा महिने तुम्हाला अर्धाच कप भरून देते मी. तुमच्या लक्षात आलं? शर्टाची वरची दोन बटणं मी लावते, म्हणते लाडानं लावते. तुम्हाला राग येतो म्हणून गप्प बसले. मीही चुकलेच. आता त्या मुलीनंही गप्प बसायचं का?"

मला अर्ध्या कपाचं खरंच लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं हिनं साखरेसाठी माझा चहा कमी केला.

२ एप्रिल

समिती तिघांची होती. मोठ्या बाई, जनावरांचे डॉक्टर, आणि एक बाहेरचे प्राध्यापक, बारीक मिशीवाले, सतत पेन्सिलीनं काहीतरी लिहिणारे. मला बोलावलं नव्हतं. मी दार लोटून आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं. सात, नऊ, अकरा, तिन्ही डोस सांडले होते. वहीतली नोंद खोटी आहे. मी खोटी केली. बाईंना पूर्ण म्हणालो तेही खोटं. मुलीनं काढले ते योग्यच काढले.

वाटलं होतं छाती हलकी होईल. पण बाईंनी नुसतं हसून माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "काका, तुमचा जीव आहे तिच्यावर, ते आम्हाला माहीत आहे."

डॉक्टर म्हणाले, "तेवीस वर्षांत एक थेंब सांडला नाही, आणि एका दिवशी तीन? तेही नेमके हेच तीन? अहो, आम्हाला काय दूधखुळे समजता?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "एका विद्यार्थिनीसाठी स्वतःचं नाव खराब करून घेऊ नका. तुमची वही इथं सगळ्यात स्वच्छ आहे."

काय सांगू, त्या क्षणी मला सुटका दिसली. मी माझं काम केलं होतं, त्यांनी मानलं नाही, यात माझा काय दोष? उठून नमस्कार करून बाहेर यायचं एवढंच बाकी होतं. मी उठलोही. मग बाईंच्या पुढ्यातल्या माझ्या वह्या दिसल्या, आणि त्यांतलं माझं अक्षर. जुन्या वहीतलं पाच वर्षांपूर्वीचं पान उघडं होतं. एकेक शब्द हातभर. त्याच्या शेजारी नव्या वहीतलं फेब्रुवारीचं पान, अक्षर मुंगीएवढं. माझं मलाच वाचता येईना.

मी म्हटलं, पिपेट द्या, आणि रंगीत पाणी. प्राध्यापकांकडून पेन्सिल मागून घेतली आणि कागदावर टाचणीच्या डोक्याएवढी तीन वर्तुळं काढली. निळं पाणी आलं. पहिला थेंब धरला आणि सोडला. बरोबर मधोमध. डॉक्टर हसले. "बघा. उगाच काय काका."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझा हात चांगला चालल्याचं वाईट वाटलं. दुसराही बरोबर गेला. बाई म्हणाल्या, राहू द्या आता.

"असं नव्हे," मी म्हणालो. "सातवा श्वास घेत नव्हता. मी थांबलो होतो. कुणीतरी मोजा. मी थेंब धरतो, वीस म्हणाल तेव्हा सोडतो."

प्राध्यापक मोजायला लागले. पाचपर्यंत हात दगडासारखा होता. आठला अंगठा जागा झाला. दहाला सगळा पंजा. मी डाव्या हातानं मनगट धरलं तर तोही हलायला लागला. प्राध्यापकांचा आवाज बारीक झाला, पण ते मोजत राहिले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वीसला थेंब कागदावर नव्हताच. टेबलाच्या कडेवरून ओघळला होता, थोडा बाईंच्या साडीवर उडाला होता.

बाई म्हणाल्या, "पुरे काका."

मी म्हटलं, "तीन होते बाई. अजून दोन राहिले." आणि दोन्ही दिले. बाई साडीवरचा डाग बघत होत्या, पण त्यांनी तो पुसला नाही.

९ एप्रिल

खारूताईवरची चौकशी मागे घेतली. तिला परत बोलावलंय.

माझं डोस देणं बंद. दाणापाणी आणि पिंजरे तेवढे बघायचे. ते ठीकच आहे. पण बाईंनी विचारलं, हात कधीपासून असा आहे? मी म्हटलं, गेल्या वर्षी जूनपासून असेल. त्यांनी जूनपासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी बाजूला काढल्या. त्यात आणखी चार जणांचं काम आहे. त्यातला एक मुलगा मेमध्ये प्रबंध देणार होता. बाई म्हणाल्या, काका, आठवून सांगा, आणखी कुठं सांडला होता का? मी शपथेवर सांगितलं, नाही. पण सांगताना माझाच माझ्यावर विश्वास बसेना, तर त्यांचा कसा बसावा. त्या मुलानं आज मला जिन्यात बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली. पूर्वी दंगा करत खाली यायचा.

ही मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं, गोल काढायला लावले, आणि डोळे मिटायला सांगून नाकाशी कॉफीची पूड धरली. मी विचारलं, धरली का? हिनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी कंपवात आहे असं सांगितलं आणि म्हणाले, सुरुवात चार-पाच वर्षांपूर्वी झाली असणार, नाक आधी जातं. औषधं आहेत, घाबरू नका. घाबरलो नाही. मला वाटलं होतं तेवीस वर्षांत प्राणीगृहानं नाक मारलं. आपल्या अंगात काय चाललंय ते आपल्याला कळू नये, आणि आपण दुसऱ्यांची वजनं करत बसावं.

१५ एप्रिल

खारूताई आज आली. खिशात दाणे होतेच. मी सहाव्या पिंजऱ्याची नवी पिल्लं दाखवली, दोन आहेत, दोन्ही जिवंत. तिनं ओंजळ पुढं केली आणि एक पिल्लू आपणहून तिच्या तळव्यावर चढलं.

म्हणाली, साध्या उंदरांचा प्रयोग परत करायचाय, समितीनं सांगितलंय. आणखी बारा. काटेऱ्यांचे आकडे तसेच राहतील, त्यांच्या फुप्फुसांत सूज आहे म्हणजे डोस आत गेलेला. "डोस मी देणार. मला शिकवा काका."

मी म्हटलं, "मी? माझं नाव काढलं तरी लोक वही तपासतात."

"हात माझा असेल. तुम्ही नुसतं सांगा."

मग आम्ही रिकाम्या पिपेटनं बसलो. मला राहवलं नाही. विचारलं, "तुझा चष्मा धुकटला होता ना, त्या दिवशी?"

"नाही," ती म्हणाली. "उंदीर मी धरला होता काका. वीतभर अंतरावर. थेंब माझ्या हातमोज्यावर पडला."

"मग बोलली का नाहीस? तुला काढून टाकत होते. एक शब्द बोलली असतीस तर."

तिनं पिपेट खाली ठेवली.

"तुम्ही लिहाल असं वाटलं होतं. आधी वाटलं, सगळे डोस झाले की लिहाल. मग वाटलं, उद्या लिहाल. तक्ता घेऊन आले तेव्हा वाटलं, आता सांगतील. बाईंनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसले होते, माझा नंबर तुमच्यानंतर होता. दार उघडंच होतं. तेव्हासुद्धा वाटत होतं."

हे तिनं रागानं सांगितलं नाही. रागानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती थोडा वेळ थांबली, मी बोलेन म्हणून असेल. मग तिनं पिपेट परत उचलली आणि विचारलं, अंगठा नेमका कुठे ठेवायचा. मी दाखवला.